दवनीवाड्यावरून बकारामजी पाहून राहिले

मिस कॉलला पैसे पडत नाहीत.

कबड्डीत चढाईला गेलेल्या खेळाडूचा दम तुटला की ती बाद. कुणी धरावं लागत नाही. कुणी शिवावंही लागत नाही.

माकडांना केबलची तार का आवडते, हे कुणाला सांगता आलेलं नाही.

हवा स्वच्छ असली तर दवनीवाड्याच्या शिवारातून तिरोड्याच्या थर्मल वीजकेंद्राच्या चिमण्या दिसतात. धान कापून झालं की जास्त दिसतात.

वच्छला रविवारी फोनवर बोलते तेव्हा बकाराम त्याच खोलीत काहीतरी शोधत असतो.

"या घरात माझ्याशी बोलायचं काम नाही."

*

हे शेवटचं वाक्य बकारामचं. मागच्याच्या आधीच्या दिवाळीत, सोयरे चहा अर्धा टाकून अंगणातून उठले, त्यानंतर पाच मिनिटांनी तो ते आपल्या मुलीला बोलला. मुलीचं नाव खुशी. सोयरे तिलाच बघायला आले होते. तिने त्यांच्या तोंडावर सांगितलं होतं, "मले आणखी दोन वर्सं खेळाचं हाय. तुम्ही उगीच पेट्रोल जाळलं."

खुशी बापाचं ऐकणारी. तिने हेही ऐकलं. दुसऱ्या दिवशी ती तिरोड्याला होस्टेलवर गेली. सणाला आली तर आईशी, म्हणजे वच्छलाशी, बोलली, गाईशी बोलली, बापासमोर ताट ठेवलं आणि गेली. चौदा महिने.

बकाराम रागीट माणूस नाही. त्याला फक्त वाक्य परत घेता येत नाही. त्याच्या बापालाही येत नव्हतं.

*

आता इंद्रकुमार.

इंद्रकुमार तिरोड्याचा केबलवाला. त्याचं एक लोकल चॅनल होतं. त्याला काहीतरी इंग्रजी नाव होतं, पण लोक म्हणत "आपलं चॅनल". सकाळी भजनं, दुपारी वाढदिवसांचे फोटो, खाली सरकत जाणारी साड्यांच्या दुकानाची पट्टी. आणि हिवाळ्यात कॉलेजांच्या कबड्डीचे सामने, थेट.

थेट म्हणजे असं. मैदानाच्या कडेला इंद्रकुमारची व्हॅन. व्हॅनच्या टपावर दोरीने बांधलेला एक कॅमेरा, जो कुठेच फिरत नसे. त्यामुळे मैदानाचा डावा कोपरा आजवर कोणत्याही घरात दिसलेला नाही. तिथे काही घडलं की इंद्रकुमार म्हणे, "डाव्या कोपऱ्यात गडी मारला होऽ, माझ्यावर भरोसा ठेवा." एका हातात माईक, दुसऱ्या हातात मोबाइल. एकच आवाज, तोच केबलमधून घरोघर जाई आणि तोच मैदानावरच्या भोंग्यातून खेळाडूंच्या कानावर पडे.

मोबाइल मिस कॉलसाठी. चॅनल लावलं की घरातल्या माणसाने इंद्रकुमारला एक मिस कॉल द्यायचा. म्हणजे आम्ही बसलो आहोत, चालू दे. इंद्रकुमारला नंबर पाठ होते. चढाई संपली, पंचाने गुण दिला, की तेवढ्या फटीत तो नावं घेई.

"वडेगाववरून शकुंतलाबाई पाहून राहिल्या. मुंडीकोट्यावरून गुड्डूसेठ, दुकान उघडं टाकून पाहून राहिले. दवनीवाड्यावरून बकारामजी पाहून राहिले होऽ."

ज्या गावाचं नाव येई, त्या गावच्या खेळाडूने हात वर करायचा. हा नियम कुणी केला नव्हता. पंचसुद्धा तेवढं थांबत.

भांडणानंतरच्या पहिल्या सामन्याला बकारामने मिस कॉल दिला. द्यावा की नाही, यावर त्याने एक बिडी घालवली, आणि दिला. नाव आलं. टीव्हीवर चिमणीएवढी दिसणारी खुशी मध्यरेषेजवळ उभी होती. तिने हात वर केला. पूर्ण नाही. कोपरापर्यंत.

त्या अर्ध्या हातावर बकारामचे चौदा महिने चालले होते.

*

[या जागी एक सरकती पट्टी होती.

समस्त ग्राहकांना सूचना येत्या सोमवारपासून दवनीवाडा लाइन बंद करण्यात येत आहे डबे जमा करावेत समस्त ग्राहकांना सूचना

ती फक्त एका घरात दिसली, कारण त्या लाइनवर एकच घर उरलं होतं.]

*

सोमवारी इंद्रकुमार स्वतःच शिडी घेऊन आला. कामाला ठेवलेली माणसं केव्हाच गेली होती, एक फायबर ओढायला, एक रायपूरला. बकाराम खांबाखाली जाऊन उभा राहिला.

"काऊन काढून राहिला गा?"

"तुमचा एकट्याचाच डब्बा चालू हाय, बकारामजी. एका डब्ब्यापायी एवढी लांब तार कशी ठेवू?"

"तार तुले काय खायले मांगते?"

"मले नाही मांगत. पन माकडं खातेत तिले. मयन्यातून दोनदा तोडतेत."

"आन् पोरीचे सामने? तिचं शेवटचं वर्स हाय हे."

"चॅनलच बंद केलं मी. सामने ते नागपूरवाले दाखवतेत ना आता. मोबाइलवर. आपल्या ओमेशच्या मोबाइलवर पाहा. चार कॅमेरे हायेत त्याईचे. पोरीचा घाम दिसते."

"मले घाम नाही पाहाचा."

"मंग काय पाहाचं हाय?"

बकारामने खांबाला हात लावला, काढला. उत्तर दारातून आलं. वच्छला तिथे तांदूळ निवडत बसली होती.

"त्याईले पाहाचं नाही, इंद्रकुमार भाऊ. त्याईले नाव वाचून पायजे."

इंद्रकुमार शिडीवर अर्ध्यात थांबला. त्यालाही ठाऊक होतंच. पंधरा वर्षं तो दर हिवाळ्यात गावोगावची नावं घेत आला होता. कुणाच्या घरात कोण कुणाशी बोलत नाही, हे त्याच्याइतकं तलाठ्यालाही माहीत नव्हतं.

"चॅनलच नाही तं नाव कोठी वाचू, वहिनी?" तो म्हणाला. मग त्याने तार कापली. कापलेलं टोक खाली आलं आणि बकारामने ते झेललं. का झेललं, त्यालाही कळलं नाही.

"राहू द्या तुमच्यापाशी," इंद्रकुमार म्हणाला. "कपडे वाळत घालाले होते."

*

उपांत्य सामना.

ओमेश बकारामचा पुतण्या. त्याची पिठाची गिरणी. त्याने गिरणी बंद ठेवली, मोबाइल पाण्याच्या गुंडाला टेकवून उभा केला आणि काकाला समोर बसवलं. चित्र खरंच साफ होतं. खुशीच्या गुडघ्यावरची पट्टी दिसत होती. ती पट्टी कधीपासून आहे, बकारामला माहीत नव्हतं. केबलवर गुडघे दिसत नसत.

बोलणारे दोघं होते. हिंदीत, भरभर. "क्या गजब का फुटवर्क! देखिए, देखिए, रीप्ले में देखिए!"

"हा आकडा कायचा?" बकारामने कोपऱ्यात बोट ठेवलं. डोळ्याचं चित्र आणि पुढे ११४३.

"एवढे जन पाहून राहिले, काका."

"कोन कोन?"

"ते नाही सांगत."

"काऊन?"

"आता... अकराशे लोकाईचे नावं कोन घेते?"

"इंद्रकुमार घेत होता."

ओमेशने काकाच्या समाधानासाठी खाली लिहिलं: बकाराम, दवनीवाडा, पाहून राहिले. वाक्य दिसलं. त्याच्या खाली कुणीतरी हृदय टाकलं, कुणीतरी आग टाकली, कुणीतरी पंचाला शिवी टाकली आणि वाक्य वर सरकलं.

"कोठी गेलं?"

"वर गेलं."

"वर कोठी?"

"वरच्या वर, काका."

"खुशीले दिसलं काय?"

"ती खेळून राहिली ना! खेळता खेळता मोबाइल पाहील काय?"

तिरोडा जिंकलं. खुशीने सात गुण घेतले. सामना संपल्यावर बकारामने खिशातून आपला साधा फोन काढला आणि इंद्रकुमारला मिस कॉल दिला. मिनिटभरात इंद्रकुमारचाच फोन आला.

"बकारामजी, चॅनल बंद हाय ना जी."

"मालूम हाय."

"मंग कायले दिला?"

"आदत."

पलीकडे व्हॅन कडेला घेतल्याचा आवाज आला. मग इंद्रकुमार म्हणाला, "तिघाईचे आले आज. तुमच्या धरून."

*

रविवार. वच्छलाचा फोन. बकाराम कोनाड्यात काहीतरी शोधतो आहे. फोनचा आवाज मोठा ठेवण्याची वच्छलाची पद्धत आहे. ऐकू कमी येतं म्हणून नाही.

"माय, गावची लाइन काटली काय?"

"काटली."

"केव्हा?"

"झाले पंधरा दिवस."

"म्हनून..." एवढं म्हणून खुशी थांबली.

"म्हनून काय?"

"काही नाही. परवा कसंतरी वाटलं खेळताना. भोंगाच नाही मैदानावर. ते नागपूरवाले कानाले लावून तंबूत बसतेत, आपल्याआपल्यात बोलतेत. मैदानावर फक्त शिट्टी. मले वाटलं माझेच कान गेले."

"ओमेशच्या मोबाइलवर पायला तुझा सामना. अकराशे लोक होते म्हने."

"असतीन," खुशी म्हणाली.

कोनाड्यात काहीच नव्हतं. बकाराम शोधत राहिला.

*

अंतिम सामना शनिवारी होता, साकोलीशी, तिरोड्यालाच. सकाळी बकारामने पांढरा सदरा घातला.

"तू नाही येत?"

"मी कायले येऊ?" वच्छला म्हणाली. "मी बोलतोच ना तिच्याशी. तुम्ही जा. आन् तोंड सोबत घेऊन जा. घरीच विसरून जासान."

बस अर्धा तास उशिरा आली. तिरोड्याच्या स्टँडवरून तो मैदानापर्यंत चालत गेला आणि जिथे जागा मिळाली तिथे बसला. तो डावा कोपरा होता. इतकी वर्षं फक्त भरवशावर ठेवलेला.

समोर निळी मॅट. चार कॅमेरे, त्यांतला एक लांब दांड्यावर, बगळ्यासारखा मान खालीवर करणारा. पलीकडे तंबू, तंबूत कानाला पट्टे लावलेले दोघं हातवारे करत होते. त्यांचे ओठ हलत, आवाज येत नसे. मैदानावर चपलांचे, शिट्टीचे आणि मुलींच्या दमाचे आवाज. माणसं पाचशेक असतील. त्यांतली निम्मी समोरचा सामना मोबाइलमधूनच बघत होती.

इंद्रकुमार दोरीपाशी उभा होता. हातांचं काय करावं ते त्याला समजत नव्हतं. त्याने ते पाठीमागे बांधले, खिशात घातले, परत काढले. मग त्याला बकाराम दिसला.

"आले?"

"आलो."

"तिले मालूम हाय?"

"नाही."

"मंग समोर बसा ना जी. अठी कोनाले दिसान?"

"दिसाले नाही आलो."

"मंग?" असं विचारून इंद्रकुमारने स्वतःच मान हलवली. "थांबा."

तो तंबूकडे गेला. बकारामने बघितलं: इंद्रकुमार वाकून काही सांगतो आहे, तिथला एक पोरगेला माणूस एका कानावरचा पट्टा उचलून ऐकतो आहे, हसतो आहे, नम्रपणे मान हलवतो आहे. इंद्रकुमार परत आला.

"म्हने, अंकल, ग्राउंड में आवाज जाता ही नहीं. नाव घेतो म्हने, पन ते मोबाइलवर जाईल. ओमेशले ऐकू येईन."

"ओमेशले काय करू?"

"तेच म्हटलं मी."

पहिला डाव तिरोडा दोनने मागे. दुसऱ्या डावात खुशीने एका चढाईत दोन गडी मारले आणि बरोबरी झाली. त्या वेळी ती परत येताना मध्यरेषेवर किंचित थांबली, मान वर केली, जिथे आधी भोंगा बांधलेला असे त्या खांबाकडे बघितलं. अर्धा क्षण. मग वळून आपल्या जागी गेली.

हे मैदानावर दोघांनीच पाहिलं.

"पायलं?" इंद्रकुमार म्हणाला.

बकारामचे ओठ कोरडे पडले होते. तो सदऱ्याच्या बाहीने ते पुसत होता, परत पुसत होता.

चोवीस, चोवीस. दीड मिनिट बाकी.

साकोलीच्या मुलीची चढाई रिकामी गेली. पंचाने शिट्टी दिली. खुशी चढाईला निघाली. कबड्डीकबड्डीकबड्डी, सपाट, एकाच पट्टीत, जणू लांबवर गिरणी चालू आहे. ती उजवीकडे गेली, वळली, पलीकडची निदानरेषा ओलांडली, एक पाय मागे लांबवला. साकोलीची कोपऱ्यातली मुलगी एक पाऊल जास्त पुढे आली होती. गुण तिथेच होता. कुणालाही दिसत होता.

आणि बकाराम उभा राहिला.

आपण उभे आहोत हे त्याला नंतर कळलं. आवाज आपला आहे हे त्याहूनही नंतर.

"दवनीवाड्यावरून बकारामजी पाहून राहिले होऽऽऽ!"

स्वतःच्या नावाला जी लावून. इंद्रकुमार म्हणे तसंच, कारण दुसरं कसं म्हणायचं ते त्याला माहीत नव्हतं.

खुशीचा दम तुटला.

ती तशीच उभी राहिली, एक पाय मागे, तोंड उघडं. मग तिचा उजवा हात वर गेला. कोपरापर्यंत नाही. पूर्ण. पंचाने त्याच वेळी स्वतःचा हात वर केला. ती बाद होती. साकोलीच्या मुलींना क्षणभर समजलंच नाही आपण काय केलं ते. मग त्या ओरडत एकमेकींच्या गळ्यात पडल्या.

चोवीस, पंचवीस. तो फरक शेवटपर्यंत तसाच राहिला.

*

ओमेशच्या मोबाइलवर:

"ये क्या हुआ! रेडर ने खुद दम छोड़ दिया! क्राउड से कोई आवाज आई शायद... पता नहीं क्या भाषा थी..."

"अरे बाप रे," ओमेश म्हणाला. "हरवलं काकाने."

शेजारी बसलेली वच्छला हसली. मग तिने पदर तोंडाला लावला, आणि त्यानंतर ती हसत होती की नाही हे ओमेशला ओळखता आलं नाही.

*

साकोलीच्या संघाचे फोटो निघत होते. खुशी बूट हातात घेऊन कोपऱ्यात आली. तिच्या पाठीमागे तिची कप्तान काहीतरी बोलत होती, चांगलं नव्हतं. इंद्रकुमार दोन पावलं बाजूला झाला. ऐकू येईल इतकीच.

"बाबूजी, मी चढाईवर होती ना."

"हो."

"दम तुटला माझा."

"पायला."

"काऊन बोंबलले मंग?"

"इंद्रकुमारचा माईक बंद झाला."

खुशीने इंद्रकुमारकडे बघितलं. तो मॅट गुंडाळणाऱ्यांकडे बघत होता.

"तीन वर्सं घासली मी या सामन्यापायी," ती म्हणाली. "आता पुढच्या वर्सी कॉलेज नाही. मालूम हाय तुम्हाले?"

"मालूम हाय."

"मंग?"

बकारामने तोंड उघडलं. वच्छलाने बजावलं होतं तसं त्याने ते सोबत आणलं होतं, पण त्यात जे होतं ते एकदाच ओरडून संपलं होतं. चौदा महिन्यांत त्याने या क्षणासाठी जमवलेली वाक्यं, गोठ्यात, बसमध्ये, बांधावर म्हणून बघितलेली, त्यातलं एकही येईना.

"गुडघ्याले काय झालं?" त्याने विचारलं.

"कोनत्या?"

"डाव्या. पट्टी दिसते."

खुशीने खाली आपल्या गुडघ्याकडे बघितलं, जणू तो आत्ताच कुणीतरी आणून लावला होता.

"गणपतीत पडली होती," ती म्हणाली. "लय झालं त्याले. आता नाही दुखत."

"असं."

"थोडं दुखते."

कप्तानने हाक मारली. टीमची गाडी सुरू झाली होती. खुशीने बूट या हातातून त्या हातात घेतले. जायला वळली, चार पावलं गेली, थांबली. मागे न बघता म्हणाली, "रविवारी मी मायले फोन करतो, तं तुम्ही कोनाड्यात नका शोधत जाऊ. काही नसते तठी."

गाडी गेली. इंद्रकुमार आणि बकाराम मैदानावर राहिले, मॅट गोळा होईपर्यंत. बगळ्यासारखा तो कॅमेरा तीन तुकड्यांत निघाला आणि पेटीत गेला.

"नाव बराबर घेतलं तुम्ही," इंद्रकुमार शेवटी म्हणाला. "पन चढाई चालू असताना घेत नाही कोनी. चढाई संपली का मंग घ्यायचं असते."

*

खुशीला दम धरायला वच्छलाने शिकवलं होतं, धान कापून रिकाम्या झालेल्या बांधीत. तेव्हा खुशी सहा वर्षांची होती आणि बकाराम बाजाराला गेला होता.